कागद तपासले, घर तपासायचं राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडवा जवळ आला की तुमच्या अंकासोबत घरखरेदीच्या पुरवण्या सुरू होतात. गृहकर्जाचे व्याजदर, मुद्रांक शुल्क, महारेराची नोंदणी कशी पाहावी, सगळं त्यात असतं आणि ते उपयोगीच असतं. पण जुनं घर, म्हणजे आपण ज्याला रीसेल म्हणतो ते, घेणाऱ्याने टोकन देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून घ्यावं, हे त्यात मला ठळकपणे कधी दिसलं नाही. आमच्या डोंबिवली-कल्याणकडे नोकरदार माणसाला परवडतं ते बहुतेक वेळा असंच घर. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं परिचारिका होते. २०१७ मध्ये निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि मुलाच्या नावावरचं कर्ज असे ४६ लाख उभे करून डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावरचं घर घेतलं. वर गच्ची. इमारतीचा भोगवटा दाखला १९९१चा. म्हणजे आम्ही राहायला आलो तेव्हा इमारत सव्वीस वर्षांची होती.

तेव्हाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. मुद्रांक शुल्क २ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ४६ हजार, वकिलांची फी १२ हजार, सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. एकूण ३ लाख ८९ हजार. यातला एकही रुपया ज्या स्लॅबखाली आम्ही झोपणार होतो तो पाहण्यासाठी खर्च झालेला नाही. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, मालकीची साखळी स्वच्छ निघाली. बँकेचा व्हॅल्युअर आला, त्याने लेझरने खोल्या मोजल्या, दारात उभं राहून फोटो काढला आणि दहा मिनिटांत गेला. मी एजंटला विचारलंही होतं, इमारत चांगली आहे ना हो? ते म्हणाले, "ताई, बँक कर्ज देते आहे म्हणजे इमारत चांगलीच असणार." मला ते पटलं. बँकेचा माणूस मिळकतीची किंमत ठरवायला येतो, बीममधल्या सळ्या पाहायला येत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आम्ही घर पाहिलं ते डिसेंबरात. भिंतींना नवा रंग, हॉलला पीओपीचं छत, त्यात पिवळे दिवे. मला ते छत फार आवडलं होतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे आपले घर घेण्याचे मुहूर्त. यातला एकही भर पावसात येत नाही. पाडव्याला भिंती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या असतात. दसऱ्यापर्यंत ओलीचे डाग रंगाखाली गेलेले असतात. जुनं घर पाहायचं तर जुलैत, चार दिवस झड लागल्यावर पाहावं, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

जुलै २०१८. पहाटे चारला धप्प असा आवाज झाला. रात्रपाळीच्या सवयीने मी लगेच उठले. बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये जेवणाच्या ताटाएवढा काँक्रीटचा तुकडा पडला होता आणि वर सळ्या उघड्या पडल्या होत्या. स्टुलावर चढून एका सळीला बोट लावलं तर पापुद्रे हातात आले. अडीच तासांनी माझा नातू शाळेची तयारी करायला त्याच पॅसेजमधून जाणार होता.

मुलाने ठाण्याहून एक इंजिनीअर बोलावले. त्यांच्याकडे एक छोटी हातोडी होती. ती ते बीमवर, छतावर ठिकठिकाणी हलकेच वाजवत गेले. चांगल्या ठिकाणी टणटण वाजायचं, पोकळ झालेल्या ठिकाणी भद्द. पेशंटच्या पाठीवर बोटं ठोकून डॉक्टर छातीतलं पाणी ओळखतात, अगदी तसंच. हॉलच्या पीओपीचा एक चौकोन काढायला लावला. वरचा स्लॅब तपकिरी डागांनी भरलेला होता आणि दोन ठिकाणी सिमेंटचं ठिगळ लावलेलं होतं.

मग त्यांनी बीमचा एक कोपरा छिन्नीने थोडा फोडला, धूळ झटकली आणि बाटलीतून पाण्यासारखं द्रावण फवारलं. फिनॉल्फ्थॅलीन. प्रयोगशाळेत पाहिलेलं, म्हणून मला नाव माहीत होतं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, तोवर आतली सळी सुरक्षित असते आणि द्रावण पडलं की ते गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून तो अल्कधर्म संपवत आणतो. मग ओल पोचली की सळी गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. आमच्या बीमवर बाहेरून जवळपास दोन बोटं आतपर्यंत रंगच आला नाही. तिथून पुढे गुलाबी रेघ सुरू झाली. सळी त्या रेघेच्या अलीकडे होती, बिनरंगाच्या भागात. ती रेघ मी अजून विसरलेले नाही.

त्यांनी ७ हजार रुपये घेतले. दुरुस्तीला ३ लाख ४० हजार लागले. सैल काँक्रीट काढणं, सळ्या घासून त्यांना गंजरोधक लावणं, जिथे फार झिजल्या तिथे जोड सळ्या टाकणं, मग पॉलिमर मॉर्टरचे थर. वर गच्चीचा कोबा काही भागात उखडून नव्याने केला, त्याचा खर्च सोसायटीने वेगळा उचलला. दोन महिने घरात लोखंडी टेकू होते आणि त्यांच्यामधून आम्ही जेवणाची ताटं नेत होतो.

पण मला खरा धक्का बसला तो नंतर. दुरुस्तीसाठी सोसायटीकडे गेले तेव्हा सेक्रेटरींच्या कपाटातून एक फाइल निघाली. २०१६चा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनीअरने केलेल्या इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल. वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गळती, बीमच्या सळ्या गंजलेल्या, तातडीने दुरुस्ती करावी, असं त्यात फोटोंसह लिहिलेलं होतं. त्यावर सर्वसाधारण सभा झाली होती, प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख १० हजार वर्गणीचा विषय होता, तो पुढे ढकलला होता. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांची त्या सभेच्या हजेरीपटावर सही आहे. वर्षभरात त्यांनी घर रंगवलं आणि विकलं.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हा १८८२चा कायदा. त्याच्या कलम ५५मध्ये स्पष्ट आहे की, मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणारा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी माझाच करार पुढे केला. त्यात वाक्य होतं, सदर मिळकत खरेदीदारांनी समक्ष पाहून तिच्या स्थितीबाबत खात्री करून घेतलेली आहे. खाली माझी सही. खात्री मी किती केली होती? वीस मिनिटं, चहा पीत. लढता आलं असतं, असं वकील म्हणाले. पण पैसा आणि बळ दोन्ही तेव्हा दुरुस्तीत गेलं होतं.

संपादक महोदय, माझा मुद्दा इथे आहे. हे अहवाल अस्तित्वात असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिसाच्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तीस वर्षांवरच्या इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली ते बंधनकारक आहे, मुंबईला त्यासाठी ३५३ब आहे. इमारतींचे सी-१ ते सी-३ असे वर्ग पाडले जातात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. पावसाळ्याआधी महापालिका अशा इमारतींच्या याद्या जाहीर करतात. एवढी सगळी तपासणी आहे, पण जो माणूस जन्माची कमाई त्या भिंतींत घालणार आहे त्याच्या हातात तो कागद आपणहून कुणी देत नाही. नव्या घराला निदान रेरा कायद्यामुळे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. तीस वर्षांच्या घराला तेवढाही आधार नाही.

आता यंदाची गोष्ट. जानेवारीत आमच्याच इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर पाहायला एक तरुण जोडपं आलं. बाई सहा-सात महिन्यांच्या गरोदर. जिन्यात दमून टेकल्या म्हणून मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "काकू, बिल्डिंग कशी आहे?" मी सध्या आमच्या कमिटीवर आहे. स्टिल्टमधल्या, म्हणजे तळाच्या मोकळ्या पार्किंगमधल्या, तीन कॉलमना जॅकेटिंग करायला हवं, म्हणजे भोवती सळ्या आणि काँक्रीटचं नवं आवरण द्यायला हवं, असा आमचा ताजा अहवाल आहे, आणि दुरुस्तीचा ठराव होईपर्यंत बाहेरच्यांजवळ बोलायचं नाही, भाव पडतील, असं आमच्यात तोंडी ठरलेलं आहे. मला माझ्या पॅसेजमधली ती सळी आठवली. मी म्हटलं, आत या, बसा, आणि अहवाल दाखवला.

विकणारे शेजारी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची मुलगी लग्नाची आहे, त्यांना पैशाची निकड आहे, हे मला माहीत आहे. त्यांचं नुकसान व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. पण अहवाल लपवून वाचलेला भाव कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. तो एकदा माझ्या घरात पडला आहे.

त्या जोडप्याने पुढे जे केलं ते मी २०१७मध्ये करायला हवं होतं. रविवारी सकाळी ते आपला इंजिनीअर घेऊन आले. घरमालकाच्या परवानगीने त्याने रिबाउंड हॅमरने, म्हणजे काँक्रीटचा टणकपणा मोजणाऱ्या हातोडीने, बीम-कॉलम तपासले, त्यात काही फोडावं लागत नाही. मग तो खाली स्टिल्टमध्ये गेला, वर गच्चीत गेला, पाण्याच्या टाकीखाली वाकून पाहिलं. तपासायच्या घराच्या बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर दिसते, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या घरातही दोन मिनिटं जाऊन छत पाहून आला. कुणी आतली भिंत काढली आहे का, बाल्कनी खोलीत घेतली आहे का, हेही विचारलं. याला फार महत्त्व आहे. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ला कोसळली आणि १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचीच चर्चा होती. म्हणजे आपलं घर कितीही चांगलं असलं तरी खालच्याने काय तोडलंय हे पाहिल्याशिवाय भागत नाही. आणि इमारत नवी आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२०ला पडली, ती काही जुनी इमारत नव्हती. १६ जण गेले.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिने घर घेतलं तेव्हा सर्व्हेअरचा कित्येक पानांचा अहवाल आधी हातात होता. भिंतीतली ओल, छपराची कौलं, गटार, सगळं फोटोंसह. तिथेही कायद्याची सक्ती नाही, पण लोक रीत म्हणून करतात, आणि अहवालात निघालेल्या खर्चाएवढी किंमत कमी करून घेतात. यात विकणाऱ्याचा अपमान होतो असं तिथे कुणाला वाटत नाही. आपल्याकडे मात्र इंजिनीअर आणतो म्हटलं की, विश्वास नाही का, असं ऐकून घ्यावं लागतं. शस्त्रक्रियेआधी रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे बघितल्याशिवाय आम्ही पेशंटला टेबलवर घेत नसू. त्यात पेशंटवर अविश्वास कसला?

घर शोधणाऱ्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगते. सोसायटी तुम्हाला कागद दाखवणार नाही, कारण तुम्ही अजून सभासद नाही. पण विकणारा सभासद आहे, आणि सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला सभांची इतिवृत्तं पाहायचा, त्यांच्या प्रती घ्यायचा हक्क आहे. तेव्हा त्यालाच सांगा की मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि शेवटचा ऑडिट अहवाल आणून दे, मग टोकन घे. दुरुस्तीची वर्गणी कुठे अडली आहे ते तिथेच कळतं. एकट्या फ्लॅटच्या पाहणीतून अख्ख्या इमारतीचं दुखणं कळत नाही, म्हणून इंजिनीअर आणि अहवाल दोन्ही हवेत.

सहकार खात्याला माझी विनंती आहे की, हस्तांतरणासाठी सोसायटी जे ना हरकत पत्र देते त्याला शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत जोडणं सक्तीचं करावं. नवा कागद तयार करायचा नाही, कपाटातला आहे तोच बाहेर काढायचा आहे. आणि तुम्हाला विनंती ही की, पाडव्याच्या पुरवणीत या विषयाला एक पान द्यावं.

माझं आणि सोसायटीचं नाव कृपया छापू नये. मला स्वतःची भीती नाही, पण दुरुस्तीचा ठराव पुढच्या सभेत आहे आणि तो मला मंजूर करून घ्यायचा आहे. तिसऱ्या कॉलमच्या तळाला गेल्या आठवड्यात नवी चीर दिसली. तिच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलने तारीख घातली आहे आणि रोज सकाळी दूध आणायला जाताना ती पाहते.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त परिचारिका, डोंबिवली (पूर्व)