देवडीवरचा मेल सर्व्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतसंस्थांचे संगणक सांभाळण्यात माझी २२ वर्षे गेली. ऑडिटला फायरवॉलची पावती बघतात, अँटिव्हायरसची बघतात. मेलची ये-जा ज्या दारातून होते तो २५ क्रमांकाचा पोर्ट कोणाला आपला मानतो, हे मला एकाही ऑडिटरने कधी विचारले नाही. म्हणून हे पत्र.

वाड्यात आलेला परका माणूस आधी देवडीवर थांबतो, थेट माजघरात शिरत नाही. मेलचेही तसेच हवे. बाहेरचे जाळे आणि आतले जाळे यांच्या मध्ये डीएमझेड नावाचा वेगळा तुकडा पाडायचा आणि तिथे रिले सर्व्हर, म्हणजे मेल घेऊन पुढे पोचवणारा संगणक, बसवायचा. बाहेरून २५ नंबर फक्त त्याच्यापर्यंत, त्याच्याकडून आत फक्त मेल सर्व्हरपर्यंत. त्यासाठीचे पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर १९९८ पासून फुकट मिळते, अडगळीतला पीसीही पुरतो. यासाठी लाखाची कोटेशने देणारे मी पाहिलेत.

आमच्या संस्थेत हे काम मी एका शनिवारी उरकले आणि सोमवारी तोंडावर आपटलो. थांबलेले मेल दाखवणारी मेलक्यू कमांड दिली तर रांग संपेचना! परदेशी पत्ते, औषधांच्या जाहिराती. मांडणी तीनदा वाचली, चूक सापडेना. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तेव्हा उलगडा झाला. जगातून येणारे प्रत्येक कनेक्शन आमच्या फायरवॉलच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसत होते. फायरवॉल बसवणाऱ्याने आत येणाऱ्या रहदारीवर सोर्स नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून फायरवॉलचा लावणे) चालू ठेवले होते आणि मी 'मायनेटवर्क्स'मध्ये (ज्यांचे मेल बिनतक्रार पुढे पाठवायचे ती पोस्टफिक्सची यादी) फायरवॉलचा पत्ता असलेला अख्खा पट्टा लिहून मोकळा झालो होतो. देवडीवरच्या शिपायाला येणारा जाणारा घरचाच वाटत होता. चूक निम्मी त्याची, निम्मी माझी. (व्यवस्थापकांनी मात्र सगळी माझ्याच नावावर टाकली.)

नको त्या जाहिराती पाठवणारा म्हणून आमचा पत्ता काळ्या यादीत गेला. वार्षिक सभेच्या नोटिसा मेलने जाईनात, शेवटी शिपायाने सायकलवर फिरून वाटल्या.

मग नॅट काढले, मायनेटवर्क्समध्ये आतल्या मेल सर्व्हरचा एकच पत्ता ठेवला, 'रिले डोमेन्स'मध्ये (बाहेरून कोणाच्या नावाचे मेल घ्यायचे ती यादी) फक्त आमचे डोमेन. बाकीच्या संगणकांना बाहेर जाणारा २५ नंबर बंद केला. हमखास राहून जाते ती गोष्ट वेगळीच : रिलेला खऱ्या मेलबॉक्सची यादी द्यावी लागते. नाहीतर नसलेल्या नावाचे मेल तो आधी घेतो, आतला सर्व्हर नाकारतो, आणि परतीचे पत्र जाऊन पडते ते ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या बिचाऱ्याच्या दारात.

लॉग १८० दिवस जपण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ साली घातले. लोक कुरकुरतात, पण मला तर त्या लॉगनेच तारले.

संचालक मंडळींना एवढीच विनंती : कार्यालयाबाहेरच्या जोडणीवरून आपल्या रिलेला तिऱ्हाईताच्या पत्त्यावर जाणारे मेल द्यायला लावा. '५५४, रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' (पुढे पाठवणार नाही) असे उत्तर समोर दिसल्याशिवाय बसवणाऱ्याचे बिल काढू नका.

– एक निवृत्त संगणक व्यवस्थापक, इचलकरंजी