जुन्या गोव्याच्या रांगेबद्दल

सोलापूर

प्रिय संजय,

तुझं पत्र मिळालं. वहिनींबरोबर जुन्या गोव्याला गेलास, बॉम जीझस चर्चच्या रांगेत ताटकळलास आणि संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर येताच हात आपसूक जोडले गेले. आता विचारतोस, यात पाप झालं का? मी काही पाळक नाही, पण विचारलंस तर सांगतो.

आपण अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट वळणात वाढलेली माणसं. संतांची हाडं, कपडे यांचं कौतुक आपल्या घरांत कधी झालं नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने तर १५४३ सालीच अशा अवशेषांची यथेच्छ खिल्ली उडवून ठेवलीय. पण पवित्र शास्त्र उघडून बघ. २ राजे, अध्याय १३: घाईघाईत एक प्रेत अलीशा संदेष्ट्याच्या कबरेत टाकतात, ते त्याच्या हाडांना लागतं आणि मेलेला माणूस उठून उभा राहतो. आणि १८ व्या अध्यायात हिज्कीया राजा पितळी साप फोडतो. तो साप नकली होता का? छे, खुद्द मोशेने केलेला! लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते, म्हणून फोडला. वस्तू अस्सल असणं पुरेसं नाही, हे मला तिथे पटलं.

तूरिनच्या कफनाचंच घे, येशूला त्यात गुंडाळलं होतं असं मानतात ते कापड. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी करून कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं ठरवलं, तरी वाद चालूच आहे. मी बाबांना त्याचा फोटो दाखवला. अख्खी हयात चादरीच्या कारखान्यात गेलेला माणूस! चेहऱ्याच्या ठशाकडे बघितलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांशी नेला आणि म्हणाले, "वीण तिरपी आहे रे. साध्या मागाचं काम नाही हे, कुणीतरी खर्च केलाय." कुणाचं कफन, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मला विचारशील तर ते कापड उद्या खरं ठरलं तरी माझा विश्वास तसूभर वाढणार नाही. खुद्द प्रभूचं एक हाड कुणाजवळ नाही, आणि सगळी मदार त्या रिकाम्या कबरेवरच आहे.

पण म्हणून वहिनींना नावं ठेवू नकोस. दर रविवारी आपण 'शरीराचं पुनरुत्थान' मानतो असं म्हणतो ना? मग १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर तापाने गेलेल्या झेवियरच्या देहाकडे नाक मुरडून कसं चालेल? मला खटकतं ते वेगळंच. त्याचा उजवा हात कापून रोमला नेला, आजही तिथल्या जेझू चर्चमध्ये ठेवलाय. मेलेल्या माणसाची अशी वाटणी मला नाही बघवत. वहिनींना हे खटकत नसेल तर का, ते विचारून कळव. त्या तुझ्यापेक्षा नीट सांगतील.

तू हात जोडलेस, मागितलं काहीच नाहीस. मला तरी त्यात पाप दिसत नाही. बाबा मात्र माझ्याशी सहमत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेला या दोघं, त्यांच्यासमोरच भांडू.

तुझा,
विजय