‘गुड’ शेराही प्रतिकूलच!

महोदय,

सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामावर साहेब दरवर्षी शेरे लिहितात, त्या गोपनीय अहवालांवरचा कालचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण ‘शेरा प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवावा लागतो’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. अहो, हा नियम कधीच मोडीत निघाला! ‘ॲडव्हर्स’, म्हणजे प्रतिकूल, याचा कामचुकार, बेजबाबदार असे ताशेरे, एवढाच अर्थ साहेबलोकांनी वर्षानुवर्षे लावला आणि कित्येकांच्या बढत्या त्याखाली गाडल्या गेल्या.

माझीही गेली. मी केंद्राच्या एका खात्यात होतो. बढतीसाठी अहवालात ‘व्हेरी गुड’ शेरा लागायचा. यादी लागली, तेव्हा माझ्या हाताखाली काम शिकलेला मुलगा माझा साहेब झाला. मला कधी मेमो नाही, चौकशी नाही. कारण विचारलं तर कोणी तोंड उघडेना. निवृत्तीनंतर माहिती अधिकारात माझ्या सीआरची, म्हणजे गोपनीय अहवालाची, प्रत मिळवली. एका वर्षाच्या रकान्यात निळ्या शाईने एकच शब्द होता, ‘गुड’. खाली सही. ज्या साहेबांची ती सही, ते वर्षभर अवघड टिपणं माझ्याकडूनच लिहून घेत. त्यांची मर्जी कधी फिरली, मला पत्ता नाही. ‘गुड’ काही वाईट नाही म्हणून कळवलं नाही, आणि कळवलं नाही म्हणून मला दाद मागता आली नाही.

सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त या अभियंत्याचंही हेच झालं होतं. १९९३-९४ च्या एका ‘गुड’ने त्यांची बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की शेऱ्याला नाव काय दिलंय ते बघू नका, परिणाम काय झाला ते बघा. बढती अडवणारा ‘गुड’ प्रतिकूलच, आणि प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये तिघा न्यायमूर्तींच्या पीठाने हेच उचलून धरलं. केंद्राचा मे २००९ चा आदेशही आहे : अख्खा अहवाल कर्मचाऱ्याला द्यायचा, आणि त्याने पंधरा दिवसांत आपलं म्हणणं मांडायचं.

आज नोकरीत असलेली पोरं तुमचा लेख वाचून गप्प बसतील. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापा. आणि कृपा करून या पत्रातली सालं कापू नका. मागे निवृत्तिवेतनावरच्या माझ्या पत्रातला आदेशाचा क्रमांक नेमका कापलात, आणि ज्यांना तो हवा होता ते मला फोन करत बसले.

– एक निवृत्त केंद्रीय कर्मचारी, सोलापूर