डब्यात चान्या ठेवल्या आहेत

प्रिय पिंकी,

परवा फोनवर तू चान्या, म्हणजे आपल्या वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, कशा करायच्या ते विचारलंस. मी सांगायला लागलो आणि तुझी बस आली. म्हणून लिहूनच देतोय. दादा हडपसरला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवलाय. वरच्या डब्यात वजडीचा रस्सा आहे, तो आजच संपव. खालच्यात चान्या आहेत, त्यांना घाई नाही.

मटण सातशेच्या पुढे गेलंय, तुझ्या पगारात ते महिन्यातून एकदा. चान्यांना बड्याचंच, म्हणजे मोठ्या जनावराचंच घे. 2015 पासून राज्यात बैल कापणं बंद झालं, म्हशीचं मिळतं. कॅम्पात शिवाजी मार्केटला सकाळी लवकर जा. मांडीचं, बिनहाडाचं माग आणि चरबी समोर उभी राहून काढून घे, कारण चरबी राहिली की चान्या खवट होतात. पट्ट्या मांसाच्या रेषेच्या अंगानेच कापायच्या, बोटभर रुंद. आडवं कापलं तर वाळताना तुकडे गळून पडतात.

आता मीठ. इथे मात्र माझं ऐकच. आधी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घे, बाकी कुठेही काटकसर कर. किलोला तीस ग्रॅम मीठ. चमच्याने मोजू नकोस, जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांचं वजन एक नसतं. तुझी आजी मुठीने घालायची आणि तिचं कधी चुकलं नाही, पण त्या मुठीला चाळीस वर्षांची सवय होती.

मीठ-हळद चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. आजी कच्चंच वाळवायची, तू तसं करू नकोस. सकाळी अगदी थोड्या पाण्यात झाकण ठेवून पुरतं शिजव, मग पाणी आटव. उन्हाने मांसातलं पाणी जातं, जंतू मरतीलच असं नाही. मग सुतळीला टांगायचं, वर पातळ मलमलचं फडकं, आणि संध्याकाळ झाली की आत. मार्च ते मे पुण्याच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. पट्टी वाकवली की कटकन मोडली पाहिजे. किलोचे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उरतात. ते बघून जीव हळहळतो, पण गेलंय ते पाणी.

पावसाळ्यात नाव काढू नकोस. तू दुसरीत असताना मी जूनमध्ये हौसेने दोन किलो घातलं होतं. दुपारी दापोडीवर आभाळ भरून आलं, म्हणून दोरी खोलीत पंख्याखाली बांधली. तिसऱ्या दिवशी हात लावला तर बोटाला तार सुटली. तुझी आई एक शब्द बोलली नाही. सगळं पिशवीत भरून टाकून आली आणि पंधरा दिवस आमटीच केली.

तुझ्या घरमालकीणबाईंना गच्चीचं आधीच विचार. आजी तर पाहुणे आले की दोरी उतरवून सुपाखाली झाकायची. तू झाकू नकोस, पण उगाच भांडणही नको.

दुसरं तू विचारलंस ते व्हिडिओतल्यासारखं डुकराचं मांस गुलाबी मीठ लावून टांगायचं. त्यात जे गुलाबी मीठ म्हणतात ते आपलं सैंधव नव्हे गं! सैंधव दगडातलं, त्याचा गुलाबी रंग मूळचाच. व्हिडिओतलं म्हणजे साध्या मिठात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम रंग देतात. मांस हवाबंद राहिलं की आत बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वास येईलच असं नाही, त्यांना ते अडवतं. पण ते किलोला फक्त अडीच ग्रॅम. जास्त झालं तर ओठ निळे पडतात, जिवावर बेततं. कॅम्पातल्या हॉटेलच्या भटारखान्यात होतो तेव्हा एका नव्या पोराने तीच बरणी रश्श्यावर उघडली होती. मी वीस माणसांचं पातेलं मोरीत ओतलं. मालकाने पैसे माझ्या पगारातून कापले.

तेव्हा तू त्या फंदात पडू नकोस. सैंधव लावून महिनाभर टांगून ठेवायचा विचार तर अजिबात नको. साधं मीठ किलोला पंचवीस ग्रॅम, मिरी, थोडा गूळ, लसूण चोळ. फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, खालच्या कप्प्यात, म्हणजे दुसऱ्या कशावर पाणी ठिबकणार नाही. मग पुरतं शिजवून खा. व्हिडिओतल्यासारखा लाल रंग येणार नाही, करडं दिसेल. दिसू दे.

चान्या खायच्या तर आधी गॅसच्या जाळीवर भाज, कडा करपू लागल्या की खलबत्त्यात लसूण आणि लाल तिखटाबरोबर कुट. तेल थेंबभरच. ज्वारीची भाकरी जमत नसेल तर पावाबरोबर खा, मी बघायला येत नाही. रस्सा करायचा तर गरम पाण्यात तासभर भिजव, मऊ होईपर्यंत शिजव, शेवटी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लाव. येसराची पुडी बाजूला ठेवली आहे, आईने काल भाजलं. आधीच खारट असतं, मीठ चाखून मगच घाल.

डबा धुऊन दादाकडेच दे. मागचा स्टीलचा अजून तुझ्याकडे आहे, आई रोज विचारते.

जयभीम.
तुझे पप्पा