हजार बेटं आणि तुझं गाव

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दोस्ता,

कॅनडाहून येऊन आठ दिवस झाले पण झोपेचं काही खरं नाही बघ, रात्री दोनला टक्क जागा होतो, तुझी वहिनीपण जागीच असते, मग दोघं चहा करून पीत बसतो. फोनवर तुला थोडं सांगितलं पण तेवढ्यात तुझ्याकडं पाहुणे आले, आणि खरं सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितोय.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पोरानं आम्हाला न सांगता बोटीची तिकिटं काढली होती. टोरांटोहून गाडीनं तीन तासांवर गॅनानॉक्वी म्हणून छोटं गाव आहे, तिथून सेंट लॉरेन्स नदीत बोट सुटते. नदी म्हणायची खरी, पण ऑन्टारिओ सरोवरातून बाहेर पडते तिथंच एवढी रुंद की मला आधी समुद्रच वाटला, आणि सगळं गोडं पाणी, खारा वास कुठंच नाही. वहिनीनं डेकवर कोपऱ्यातली बाकडी धरली, शाल पांघरली, डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बोट एवढी हळू की चटणी सांडली नाही.

नाव हजार बेटं, पण मोजलेली आहेत 1864. बेट कशाला म्हणायचं तर वर्षभर पाण्याच्या वर राहिलं पाहिजे आणि त्याच्यावर जिवंत झाड पाहिजे. काही बेटांवर गावं वसलीत, आणि काही म्हणजे एक खडक, एक वाऱ्यानं वाकलेलं पाईनचं झाड, एक घर, दारात बांधलेली होडी, संपलं बेट! खडक तांबूस, गोकाकच्या धबधब्याचा कडा संध्याकाळी दिसतो ना तसा. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी कुंड्यांना पाणी घालत होती, तिनं झारी तशीच धरून दुसरा हात हलवला, वहिनीनं पण हलवला, ती दिसेनाशी होईपर्यंत दोघी हात हलवतच होत्या.

मग हार्ट आयलंड आलं. ते अमेरिकेच्या हद्दीत, आमच्याकडं व्हिसा नव्हता म्हणून बोटीतूनच बघितलं. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल चालवणारा जॉर्ज बोल्ट, त्यानं बायकोसाठी, लुईससाठी, तिथं 120 खोल्यांचा वाडा बांधायला काढला होता. 1904 साली ती अचानक गेली, त्यानं तार केली की काम थांबवा, आणि पुन्हा तो त्या बेटावर पाय ठेवायला आला नाही. 1977 साली तिथल्या पुलाच्या संस्थेनं ताब्यात घेईपर्यंत वाडा तसाच उघडा पडून होता. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अहो, तीनशे माणसं कामाला होती म्हणतात, हातातली थापी खाली ठेवताना त्यांना काय वाटलं असेल हो. मी तिचा हात धरला, दुसरं काय करणार.

पण मला तुला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. पोरगा म्हणाला बाबा, नदीच्या प्रवाहाबरोबर अजून थोडं खाली जाऊ, तिथं पण बेटं आहेत. कॉर्नवॉलच्या अलीकडं लाँग सू म्हणून जागा, अकरा बेटं रस्त्यानं एकमेकांना जोडलेली, पोरं पोहतायत, तंबू लागलेत, बघायला छानच. आणि मग कळलं की ही बेटं नव्हतीच रे, टेकड्या होत्या. मोठी जहाजं आत न्यायला आणि वीज काढायला 1 जुलै 1958 ला तिथं पाणी सोडलं, गावंच्या गावं बुडाली, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं उठली, आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. पाचशेच्या वर घरं मोठ्या यंत्रांवर उचलून नव्या गावात नेऊन ठेवली म्हणे. एक चर्च, एक रेल्वे स्टेशन, एक न्हाव्याचं दुकान आणून म्युझियम केलंय. आणि जुना डांबरी रस्ता अजून आहे, तो सरळ पाण्यात जातो आणि दिसेनासा होतो. मी तिथं उभा राहिलो आणि मला फक्त तू दिसलास.

हिडकल धरणाचं पाणी तुझ्या गावात चढायला लागलं तेव्हा आपण कॉलेजात होतो. तू आरएलएसमध्ये, म्हणजे राजा लखमगौडा सायन्स कॉलेजात, त्याच राजांचं नाव पुढं त्या धरणाला लागलं. तुझ्या अण्णांनी घराची चौकट उपटून बैलगाडीत घातली, मी मागून ढकलत होतो, आठवतंय ना? अण्णा एकदाही मागं वळले नाहीत. ती चौकट तुझ्या संकेश्वरच्या घराला आहे, तिच्यावर तुम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत, मी दर वेळी आत येताना बघतो पण कधी बोललो नाही. तेव्हा मी तुला म्हणालो होतो, नवीन गावात लाईट येईल, रस्ता येईल, चांगलंच आहे की. हे मी बोलायला नको होतं रे. ते एवढी वर्षं मला टोचतंय.

हुन्नूरच्या विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, लोक दर्शनाला जातात, तू मात्र एकदाही गेला नाहीस. यंदा जाऊया का? चौघंच जाऊ, वहिनी दशम्या करते म्हणालीय, गाडी मी घेऊन येतो, सकाळी सातला तुझ्या दारात. तुला देवळाजवळ जायचं नसेल तर काठावरच बसू, तुमची गल्ली कुठं होती तेवढं मला बोट करून दाखव.

फोन कर. गोकाकचा कर्दंट आणून ठेवलाय तुझ्यासाठी, संपायच्या आत ये.

तुझाच,
जुना बाकमित्र