टाकीतलं पाणी कुठे जातं ते दाखवणाऱ्या काकांना

ती. स. काका,
सा. न. वि. वि.

दुकानात येऊन हे बोलायला गेले की तुम्ही दुसराच विषय काढता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. घरात मासे आणि पाणझाडांची दोन फुटी काचेची टाकी लावलेले आणि झाडं वाढत नाहीत म्हणून दर आठवड्याला नवं खत आणणारे पुष्कळ जण असतील. त्यांच्याही उपयोगी पडेल.

फेब्रुवारीत तुमच्याकडे आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरची. आत सजावटीला ठेवलेल्या लाकडाच्या मागे क्रिप्टोकोरीन या पाणझाडाच्या पानांवर निळसर हिरवी साय धरायची. ओढली की कातड्यासारखी सोलून यायची आणि कुजकट वास बोटांना बराच वेळ राहायचा. पुढच्या बाजूला मात्र व्हॅलिस्नेरियाची लांब पानं पाण्याच्या जोराने दिवसभर आडवी पडलेली, आणि फायटर मासा फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून बसलेला. एका ठिकाणी मला सांगितलं होतं की पाणी कमी फिरतंय, मोठा फिल्टर घ्या. म्हणून ताशी ६०० लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डबा-फिल्टर, काढून १००० लिटरचा लावला होता. साय जागची हलली नाही, फायटरच्या शेपटीच्या मात्र चिंध्या झाल्या.

मी तुमच्याकडे त्याहून मोठा मागायला आले होते. तुम्ही तो देऊन मोकळे झाला असतात. पण तुम्ही विचारलंत, ‘लाकडाच्या मागे पाणी पोचतं का, ते बघितलंस?’ बघितलं नव्हतं. मग रविवारी दुपारी, दुकान बंद करून, तुम्ही स्वतः घरी आलात.

तुम्ही आधी पाच लिटरचा कॅन मागितलात. तो स्टुलावर टाकीच्या काठाच्या उंचीला धरून फिल्टरची नळी त्यात सोडलीत आणि मला मोबाइलवर सेकंद मोजायला लावलेत. २८ सेकंद. म्हणजे ताशी ६४० लिटरच्या आसपास, आणि खोक्यावर छापलेले १०००! तो आकडा रिकाम्या मोटरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या, वर पाणी चढवायचं म्हटलं की एवढी घट व्हायचीच, हे मला तेव्हा कळलं. मग माळ्यावरून जुना फिल्टर काढायला लावून तो मोजलात. ५० सेकंद, ताशी ३६०. माती, दगड, लाकूड वजा जाता टाकीत पाणी सुमारे ५० लिटर. म्हणजे सगळं पाणी तासाला सात वेळा फिरतं. ‘झाडांच्या टाकीला भरपूर झालं, हाच ठेव,’ म्हणालात. त्या दिवशी तुमच्या गल्ल्यात काहीही पडणार नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं.

त्यानंतर जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. चिमूटभर खाद्य चुरून, ओलं करून नळीच्या तोंडाशी सोडलंत आणि मला टाकीच्या बाजूला उकिडवं बसवलंत. कण सुसाट निघाले, लाकडावर आपटले, दोन्ही अंगांना फुटून वर गेले. लाकडामागे एकही गेला नाही. झाडांसाठी सोडलेल्या सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, बुडबुडेही ते बारीक करणाऱ्या डिफ्यूझरमधून निघून सरळ वर जाऊन फुटत होते. मी चार महिने त्या टाकीसमोर बसत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ स्थिर थर असतो. त्यातला वायू पान खाऊन टाकतं आणि पाणी हललं नाही तर नवा येत नाही. मग खत कितीही घाला. उलट पृष्ठभाग फार खळबळला तर पैसे मोजून सोडलेला सीओटू हवेत उडून जातो. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘ज्वारीवरून वारा गेल्यागत पान डुललं पाहिजे.’ रोज सकाळी मी आता तेच बघते.

फिल्टरचं पाणी एका ठिकाणी न सोडता पसरून सोडणारी भोकांची नळी, म्हणजे स्प्रे बार, तुम्ही तिथेच केलात. १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी, तिला ३ मिलिमीटरची १४ भोकं. मी आणखी पाडू का विचारलं तर थांबवलंत. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या तोंडापेक्षा जास्त झालं की सुरुवातीच्या भोकांतूनच पाणी निघून जातं आणि टोकाची नुसती पाझरतात. बार मागच्या काचेला, पाण्याच्या जरा खाली, भोकं समोर. पुन्हा चिमूटभर चुरा सोडला. कण वरून पुढे आले, समोरच्या काचेवरून खाली उतरले, मातीलगत मागे गेले आणि लाकडाच्या पाठीमागून हळूच वर आले. क्रिप्टोची पानं हलली. बुडबुडेही खाली ओढले जाऊन झाडांत शिरले. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तुम्ही नळीचे तुकडे गोळा करत होतात.

निघताना मी टाकीत मिस केरळ मासे आणण्याचा विषय काढला, तोही तुम्ही मोडून काढलात. ते मासे केरळातल्या वाहत्या नद्यांचे, त्यांना जोराचं पाणी हवं आणि लांबच लांब टाकी. फायटर थायलंडकडच्या भातखाचरांतला, संथ पाण्याचा. दोघांना एका टाकीत ठेवून दोघांचेही हाल होतात.

मे महिन्यातला तुमचा फोनही विसरलेले नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६ च, त्यात रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. म्हणून दिवे मालवण्याआधी तासभर सीओटू बंद करायचा आणि बार थोडा वर उचलून पृष्ठभाग हलता ठेवायचा. पहाटे वर येऊन तोंड उघडणारे माझे छोटे रासबोरा मासे दुसऱ्याच दिवसापासून खाली राहू लागले.

साय मी नळीने ओढून काढली, ती परत आलेली नाही. फायटरची शेपटी भरून आली आहे. नळीचे पैसे तेवढे घेतलेत आणि चहा अर्धाच प्यायलात, तो हिशेब माझ्याकडे बाकी आहे. लाकडामागच्या क्रिप्टोला बाजूने तीन पिल्लं फुटली आहेत. एक तुमच्या दुकानातल्या टाकीसाठी काढून ठेवलं आहे, रविवारी घेऊन येते.

तुमची,
दोन फुटी टाकीवाली