तैवानच्या देवळातला कौल

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत तैवानबद्दल येते ते तैपेई १०१, खरेदी आणि नाइट मार्केट एवढ्यावरच संपते. १०१ ही उंच इमारत बघावीच. वाऱ्यात इमारत फार डोलू नये म्हणून वरच्या मजल्यांत टांगलेला ६६० टनांचा पोलादी गोळा पाहून आमच्या ग्रुपमधले इंजिनिअर जागचे हलेनात. पण त्यापायी तैपेईतल्याच लुंगशान देवळाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. १७३८ साली चीनच्या फूजियान प्रांतातून आलेल्या लोकांनी बांधलेले हे देऊळ आणि आमचा टूर लीडर दारातच घड्याळ दाखवतोय!

मी कुडाळकडचा. देवाला कौल लावल्याशिवाय, म्हणजे त्याचा होकार-नकार घेतल्याशिवाय, आमच्याकडे विहीरसुद्धा खणत नाहीत. त्यामुळे तिथे माझे पाय अडले. पुढे कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी उभी होती. हातात लाल रंगाचे, चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. देवाला आधी नाव, जन्मतारीख, घरचा पत्तासुद्धा सांगायचा, मग प्रश्न. ओठांतल्या ओठांत पुटपुटून तिने तुकडे फरशीवर टाकले. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला, प्रश्न नीट विचार. पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर, म्हणजे होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. मोठ्या कामाला सलग तीन होकार लागतात म्हणे.

आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, होकाराचा उजवा कळा पडेपर्यंत सगळ्यांचे डोळे तिकडे. मध्ये गुरव, मानकरी, अख्खा गाव. इथे ती पोरगी आणि देव, तिसरे कोणी नाही. खोटे कशाला बोलू, हेवा वाटला.

दाजिया गावच्या माझू या समुद्रदेवीची पालखी दर वसंतात नऊ दिवस पायी निघते, तीनशेहून अधिक किलोमीटर. लोक रस्त्यात ओणवे होऊन पालखी अंगावरून जाऊ देतात. ती कोणत्या दिवशी निघणार, हेही असाच कौल लावून ठरते. आमच्या टूरच्या कार्यक्रमात तिचा उल्लेखही नव्हता.

अलीशानच्या डोंगरातले धुके, सन मून लेक हे तळे, हे सगळे फोटोत दिसते तसेच आहे, त्यावर मी वेगळे काय लिहू? शाकाहारी मंडळींनी मात्र घाबरू नये. बौद्ध पद्धतीच्या खानावळी गल्लोगल्ली आहेत, आणि तिथे कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी बॅगेतल्या दशम्या तशाच परत आणल्या.

टूर कंपन्यांना विनंती एवढीच की देवळासाठी निदान अर्धा दिवस ठेवा. वेळ कमी पडत असेल तर १०१ खालच्या मॉलमधला कापा. तिथले ब्रँड मुंबईतही मिळतात.

– एक निवृत्त शिक्षक, कुडाळ (सिंधुदुर्ग)